हिरवी टिक, पण पत्र नाही: पोस्टग्रेसमधून मेलचिंपकडे जाताना गळणारी नावं

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभासदांची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. नवा सभासद नोंदवला की त्याचं नाव मेलचिंप या घाऊक ईमेल पाठवणाऱ्या सेवेत जावं, तिथून त्याला स्वागताचं पत्र आणि पुढे दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी जावी, एवढीच अपेक्षा. मध्ये एनएटएन (n8n), वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करणारं, आमच्याच सर्व्हरवर चालणारं. दर १५ मिनिटांनी वर्कफ्लो, म्हणजे त्यातली पायऱ्यांची साखळी, उठतो, मागच्या खेपेनंतर बदललेल्या नोंदी उचलतो, मेलचिंपला देतो आणि झोपतो. ही सगळी जोडणी मीच केलेली, त्यामुळे खाली जे काही निघेल ते माझंच पाप आहे.

काउंटरवरच्या काकूंचा फोन आला. "अरे, प्रदर्शनात सभासद झाले ना, त्यांना पत्रं नाही गेली. मागच्या प्रदर्शनाला पण नव्हती गेली. त्याच्या आधीच्या वेळी मात्र गेली होती हं."

कधी जातं, कधी जात नाही. या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. त्यात एनएटएनमध्ये एकजात सगळ्या खेपा हिरव्या, म्हणजे यशस्वी. याआधी एखाददुसरं नाव गळल्याची तक्रार आली की मी ते हाताने टाकून मोकळा व्हायचो. या वेळी बसलो.

आधी मोजदाद

कारण शोधण्याआधी नेमकी कोणती नावं गळली ते काढा. मी उलटं करायचो, वर्कफ्लो उघडून त्यातले नोड (एकेक पायरी) चाचपत बसायचो. मेलचिंपमधून संपूर्ण ऑडियन्स (तिथली संपर्कांची यादी) एक्सपोर्ट केला की सबस्क्राइब्ड, अनसबस्क्राइब्ड, क्लीन्ड अशा वेगवेगळ्या फायली मिळतात. त्या सगळ्या पोस्टग्रेसमध्ये एका तात्पुरत्या टेबलात ओता, आणि सभासदांच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन लावा, म्हणजे मेलचिंपमध्ये नसलेले सभासद उघडे पडतात. दोन्हीकडचे पत्ते ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून), लोअर करून (अक्षरं लहान करून). मी पहिल्यांदा फक्त सबस्क्राइब्डची फाइल घेतली तर ५८ नावं गायब दिसली. बाकीच्या फायली घातल्यावर ३१ उरली. म्हणजे २७ माणसं गळलेली नव्हतीच, त्यांनी स्वतःहून पत्रं बंद केली होती किंवा त्यांचा पत्ता बंद पडला होता.

त्या ३१ नोंदी निर्मितीच्या वेळेनुसार लावल्या आणि एक गंमत दिसली. २६ नावांचे दोन पुंजके होते. एकात १६, एकात १०. आणि सोळाच्या सोळा ओळींत वेळ एकच, मायक्रोसेकंदापर्यंत तंतोतंत तीच. काउंटरवर काकू नावं भरतात तेव्हा दोन नोंदींत निदान मिनिटाचं अंतर असतं. मायक्रोसेकंदापर्यंत सारखी वेळ म्हणजे ती सगळी नावं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकदमच पक्क्या होणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्यात) आत आलेली, म्हणजेच प्रदर्शनाच्या एक्सेल फाइलमधून. त्या आयातीची स्क्रिप्टही माझीच.

हा धागा जरा बाजूला ठेवतो, कारण उरलेल्या पाचांनी मला आधी नको तिथे नेलं.

हिरवा रंग कुठून आला

मेलचिंपच्या नोडच्या सेटिंगमध्ये 'ऑन एरर' (चूक झाली तर काय करायचं) नावाची निवड असते. ती मी 'कंटिन्यू'वर ठेवली होती. कधीतरी एका चुकीच्या पत्त्यामुळे सगळी खेप अडकली होती, तेव्हा रात्री अकरा वाजता केलेली ही करामत. त्याचा अर्थ असा की नोडला काहीही झालं तरी गाडी पुढे, आणि खेप हिरवी. चूक आत कुठेतरी आउटपुटमध्ये पडून राहते आणि ती कोणी उघडून बघत नाही. वर जुन्या खेपांची माहिती ठरावीक दिवसांनी पुसली जाते, मूळ सेटिंगप्रमाणे ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी. काकूंचा फोन प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांनी आलेला. पुरावा केव्हाच गेला होता.

'कंटिन्यू' काढलं, आणि पुढच्या १५ मिनिटांत लाल. 'मेंबर एक्झिस्ट्स' (हे नाव आधीच आहे), कोड ४००, म्हणजे मागणीच चुकीची. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. रात्री बारा वाजता, वाचनालयाला कुलूप असताना, एकही नवी नोंद नसताना, पुन्हा तेच. नाव दर वेळी एकच, त्या दिवशी शेवटी नोंदवलेल्या बाईंचं.

याची कारणं दोन, एकमेकांत अडकलेली. पहिलं म्हणजे, मेलचिंपच्या नोडमधलं 'क्रिएट' हे पोस्ट प्रकारचं मागणं आहे. नाव यादीत आधीच असेल तर ते नकार देतं. तिथे पुट हवं. पुट म्हणजे असेल तर दुरुस्त कर, नसेल तर घाल. एनएटएनमध्ये त्यासाठी एचटीटीपी रिक्वेस्ट नोड घ्यायचा, त्यात मेलचिंपचंच क्रेडेन्शियल (खात्याची साठवलेली किल्ली) निवडता येतं. मागणीच्या वेब-पत्त्याच्या शेवटी सभासदाच्या ईमेलचा एमडी-५ हॅश (ईमेलवरून गणिताने काढलेला सांकेतिक शब्द) लागतो, तोही ईमेल आधी लोअरकेस करून काढलेला. हे काम पोस्टग्रेसच्या क्वेरीतच उरकून टाका, तिथे एमडी-५ चं फंक्शन आयतं आहे. पण लोअर विसरलात की मोठ्या अक्षरात ईमेल लिहिणाऱ्या प्रत्येकाचा हॅश वेगळा निघेल.

दुसरं कारण जास्त मजेशीर. नवी नोंद नसताना जुनी नोंद परत का उचलली जात होती? 'मागची खेप कुठवर आली' ती वेळ मी वर्कफ्लोच्या स्टॅटिक डेटात, म्हणजे खेपांदरम्यान टिकणाऱ्या त्याच्या साठ्यात, साठवत होतो. पोस्टग्रेसमध्ये वेळ मायक्रोसेकंदापर्यंत असते, म्हणजे सेकंदाच्या पुढे सहा आकडे. एनएटएन जावास्क्रिप्टवर चालतं आणि तिथल्या तारखेत तीनच आकडे मावतात. त्या बाईंची नोंद होती ७ वाजून ४२ मिनिटं १७.३१८६०४ सेकंदांची. साठवली गेली १७.३१८. पुढच्या खेपेला प्रश्न काय? १७.३१८ नंतरचं काही आहे का? आहे की, १७.३१८६०४. तीच बाई. दर १५ मिनिटांनी, दुसरं कोणी येईपर्यंत.

हाताने वर्कफ्लो चालवून बघितलं तर यातलं काहीच धड कळत नाही, कारण हाताने चालवलेल्या खेपेत स्टॅटिक डेटा साठवला जात नाही. तो फक्त चालू केलेल्या वर्कफ्लोच्या आपोआप होणाऱ्या खेपांत साठतो. 'माझ्याकडे तर बरोबर चालतंय' असं मी काकूंना दोनदा सांगितलंय, ते याच जोरावर.

पोस्टचं पुट केलं. आता लाल थांबेल अशी आशा होती. थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी 'इनव्हॅलिड रिसोर्स'. उघडून बघतो तर जीमेल, मग स्वल्पविराम, मग कॉम. टिंबाच्या जागी स्वल्पविराम, की-बोर्डवर दोन्ही शेजारी. असे तीन पत्ते निघाले. एकूण ३१ मधले तीन इथे संपले.

चौथा पत्ता तासभर घेऊन गेला. दिसायला स्वच्छ, एक अक्षर चुकलेलं नाही, तरी तीच चूक. शेवटी लेंग्थ विचारली. डोळ्यांनी मोजली तर तेवीस अक्षरं, लेंग्थ (अक्षरं मोजणारं फंक्शन) म्हणते २४, ऑक्टेट-लेंग्थ (बाइट मोजणारं) म्हणते २६. म्हणजे एक न दिसणारं अक्षर, तीन बाइटचं. कोणीतरी कुठून तरी कॉपी करून चिकटवताना शून्य रुंदीची मोकळी जागा बरोबर आली होती. ट्रिम असली अक्षरं काढत नाही, ते फक्त साधी स्पेस ओळखतं. ईमेलच्या रकान्यात लेंग्थ आणि ऑक्टेट-लेंग्थ जुळत नसेल तर ती ओळ संशयित, ही एका ओळीची तपासणी आता माझ्या प्रत्येक कामात असते. मराठी नावांच्या रकान्यात अर्थातच ती चालणार नाही, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं.

पाचव्याला उत्तर होतं 'फरगॉटन ईमेल नॉट सबस्क्राइब्ड'. ते नाव कधीतरी मेलचिंपमधून कायमचं डिलीट केलं गेलं होतं. अशा माणसाला आपण ओढून परत आणू शकत नाही, त्याने स्वतः साइनअप फॉर्म भरायला हवा. इथे कोडमध्ये करण्यासारखं काही नाही.

ज्यांनी स्वतःहून पत्रं बंद केलीत त्यांच्याबाबत एक ताकीद. पुट करताना 'स्टेटस' पाठवू नका, फक्त 'स्टेटस-इफ-न्यू' पाठवा. म्हणजे नाव नवं असेल तरच सबस्क्राइब्ड होईल आणि जुन्याची स्थिती आहे तशी राहील. मी आधी 'स्टेटस' पाठवत होतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या सभासदाचा फोन नंबर जरी बदलला तरी त्याला पुन्हा आत घालायची मागणी जायची आणि 'मेंबर इन कम्प्लायन्स स्टेट' असं उत्तर यायचं. मेलचिंपने नकार दिला ते बरंच झालं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं. दार लावून गेलेल्या माणसाला दर १५ मिनिटांनी बेल मारणं त्यात बसत नाही.

आता ते सव्वीस

पाच सापडले तरी काकूंचा प्रश्न होता तिथेच होता. सव्वीस नावांचे पत्ते निर्दोष. हातानं टाकले की झटक्यात जात होते. मेलचिंपने त्यांना नाकारलं नव्हतं, ते मेलचिंपपर्यंत पोचलेच नव्हते.

आयात-स्क्रिप्टच्या त्या दिवसाच्या लॉगमधून मी घड्याळ मांडलं. आयात सुरू झाली संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी. स्क्रिप्ट एक ट्रान्झॅक्शन उघडते, प्रत्येक पत्त्याचं डोमेन खरं आहे का ते इंटरनेटवर विचारते, मग नोंद घालते. शहाणपणाच्या नावाखाली घातलेली ही तपासणी चांगलीच संथ, पाच मिनिटं खाणारी. कमिट झालं, म्हणजे नोंदी पक्क्या झाल्या, ६ वाजून १७ मिनिटांनी. पण नोंदींवर वेळ पडली ६:१२ ची, कारण पोस्टग्रेसमधलं नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नाही. म्हणूनच सोळाच्या सोळा सारख्या.

मधल्या वेळात ६:१३ ला काउंटरवर एक आजोबा सभासद झाले. त्यांची नोंद लगेच कमिट. ६:१५ ला वर्कफ्लो उठला. त्याला आजोबा दिसले, आयातीतली नावं दिसली नाहीत, कारण कमिट न झालेलं दुसऱ्याला दिसत नाही. त्याने आजोबांना पाठवलं आणि खूण पुढे सरकवली: ६:१३ पर्यंतचं झालं. ६:१७ ला आयात कमिट. ६:३० ला वर्कफ्लो परत उठून विचारतो, ६:१३ नंतरचं काही? सोळा माणसं ६:१२ च्या शिक्क्यासह मागे उभी. त्यांना पुन्हा कोणी विचारणार नाही.

आयातीच्या त्या पाच मिनिटांत वर्कफ्लो उठला नाही, किंवा उठला पण काउंटरवर त्या दरम्यान कोणी आलं नव्हतं, तर सगळं सुरळीत. म्हणून 'त्याच्या आधीच्या वेळी गेली होती'. प्रदर्शनाला गर्दी जितकी जास्त, तितकी नावं गळायची शक्यता जास्त.

यावर सुचणारे सोपे उपाय मीही करून बघितले. नाऊच्या जागी क्लॉक-टाइमस्टॅम्प वापरलं तर प्रत्येक ओळीला आपापली खरी वेळ मिळते, पण आजोबांच्या आधी घातल्या गेलेल्या ओळी तरी मागेच राहतात. गळती कमी होते, बंद होत नाही. वेळेऐवजी चढता आयडी क्रमांक वापरला तरी तेच, कारण क्रमांकही नोंद घालताना मिळतो, कमिट होताना नाही. ज्यांना डेटाबेसला हात लावायची परवानगीच नाही त्यांनी एवढं करावं: खूण जिथे असेल त्याच्या तासभर मागून नोंदी उचला. तुमचं सगळ्यात लांब ट्रान्झॅक्शन जितका वेळ चालतं त्याहून तो मागचा पट्टा मोठा हवा. तीच नावं दोनचारदा जातील, पण पुट असेल तर त्यानं काही बिघडत नाही.

जावक नोंदवही

माझ्या हातात डेटाबेस होता, म्हणून मी घड्याळच काढून टाकलं. कोणत्याही सरकारी कचेरीत टेबलावर आवक-जावक रजिस्टर असतं. पत्र गेलं की नाही हे तिथला कारकून तारखांवरून ताडत नाही, त्या ओळीपुढे शिक्का आहे का ते बघतो. मी 'जावक' नावाचं टेबल केलं. रकाने थोडेच: सभासद क्रमांक, ईमेल, जुना ईमेल, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटची चूक.

सभासदांच्या टेबलावर ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड) लावला. नवी नोंद आली किंवा नाव-ईमेल बदललं की तो जावकमध्ये एक 'बाकी' ओळ टाकतो. हे त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, त्यामुळे आयात कमिट झाली की जावकमधल्या सोळा ओळीही तिच्याबरोबरच दिसायला लागतात. पाच मिनिटं लागोत की पन्नास. ट्रिगर लावताना 'अपडेट ऑफ' म्हणून नाव आणि ईमेल हे रकाने नेमून द्या, नाहीतर कोणी पुस्तक परत केल्याची नोंदसुद्धा मेलचिंपकडे पळेल. जुना ईमेल ठेवायचं कारण असं की ईमेल बदलला की हॅशही बदलतो. पुट नव्या हॅशवर केलं तर मेलचिंपमध्ये त्याच माणसाची दुसरी नोंद तयार होते आणि जुनी तशीच राहते. जुन्या हॅशवर नवा ईमेल पाठवायचा.

वर्कफ्लोची पहिली क्वेरी आता निवड करत नाही, थेट अपडेट करते: 'बाकी' असलेल्या पन्नास ओळी 'हातात' करून रिटर्निंगने परत दे. आतल्या निवडीला 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून दे) लावलंय, पोस्टग्रेस ९.५ पासून ते मिळतं. एक खेप रेंगाळली आणि दुसरी सुरू झाली तरी दोघी एकाच ओळीवर झडप घालत नाहीत. मग पुट. यशस्वी झालं तर 'गेलं'. ४०० आलं तर मेलचिंपचा मजकूर जसाच्या तसा चुकीच्या रकान्यात आणि स्थिती 'अडकलं'. अशा पत्त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, स्वल्पविराम आपोआप टिंब होत नाही. ४२९ (मागण्या फार झाल्या) किंवा पाचशेच्या घरातला कोड (त्यांच्या सर्व्हरची गडबड) आला तर परत 'बाकी', पाच वेळांपर्यंत. मेलचिंप एका वेळी दहापेक्षा जास्त जोडण्या घेत नाही, तेव्हा जुनी थकबाकी एकदम सोडताना एचटीटीपी नोडच्या बॅचिंगमध्ये पाच-पाचचे गट आणि मध्ये सेकंदभर विसावा द्या. आणि 'हातात' असून तास उलटलेल्या ओळी परत 'बाकी' करणारी एक छोटी क्वेरी ठेवा, कारण सर्व्हर मध्येच बसला तर त्या ओळी तशाच लोंबकळतात.

'ऑन एरर'चं काय? आता ते 'कंटिन्यू युजिंग एरर आउटपुट'वर आहे. चूक झालेल्या ओळी वेगळ्या वाटेने बाहेर पडतात आणि ती वाट थेट जावकच्या अपडेटला जाते. आधीचंच सेटिंग, पण या वेळी चुकीला उतरायला जागा आहे.

बाहेर पडणाऱ्यांची बातमी उलट्या दिशेने आणायची असेल तर मेलचिंपचा ट्रिगर नोड वापरा. साधा वेबहुक नोड (बाहेरून येणारी बातमी घेणारा वेब-पत्ता) लावलात तर मेलचिंप नोंदणीच्या वेळी तो पत्ता गेट मागणीने तपासून बघतं, आणि पोस्टवर ठेवलेला वेबहुक गेटला ओळख देत नाही. तिथे माझे दोन तास गेलेत.

आणखी एक, या गळतीशी संबंध नसलेलं पण हमखास विचारलं जाणारं. सकाळी ९ चं वेळापत्रक लावलं आणि ते संध्याकाळी साडेसहाला चालतं? स्वतःच्या सर्व्हरवरच्या एनएटएनची मूळ वेळ न्यूयॉर्कची असते. हिवाळ्यात तेच साडेसातला चालू लागलं तर शंकाच नको, तिकडची घड्याळं तासाने मागे गेलेली असतात. टाइमझोनच्या सेटिंगमध्ये एशिया-कोलकाता घाला, एवढंच.

यानंतरच्या प्रदर्शनाला मी मुद्दाम आयात चालू असताना काउंटरवरून एक खोटा सभासद घातला. वर्कफ्लो मध्येच उठला, तो सभासद घेऊन गेला, आणि पुढच्या खेपेला आयातीतली सगळी नावंही घेऊन गेला. दोन ओळी 'अडकलं'मध्ये राहिल्या. त्या 'अडकलं'ची यादी रोज सकाळी दहाला काकूंना मेलने जाते, नाव, फोन आणि मेलचिंपच्या उत्तराचं मी केलेलं सोपं मराठी. त्या दिवशी साडेदहाला त्यांचा फोन.

"अरे, यातलं ते जीमेल डॉट कॉममधलं टिंब खाल्लेलं दिसतंय ना, ते आमच्या बिल्डिंगमधल्या नानांचं. चष्मा विसरले होते त्या दिवशी. मी दुरुस्त केलं तर आपोआप जाईल ना, की तुला सांगावं लागेल?"

"आपोआप जाईल, काकू."

"बघ हं."

पावणेअकराच्या खेपेत गेलं.